हवामान बदल आणि वकील: कोर्टात जाऊन उत्सर्जन कमी होतं का?

मसुदा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी वकील आहे, पण कोर्टात उभी राहणारी नाही. चौदा वर्षं करार लिहितेय. कर्जाचे, पुरवठ्याचे, कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे. मागच्या महिन्यात कोळशावर चालणाऱ्या एका वीजप्रकल्पाच्या कर्जाचा करार तपासायला आला. मुदत वीस वर्षं. नेहमीप्रमाणे तारण पाहिलं, हमी पाहिली, हप्ते थकले तर काय ते पाहिलं. मग परतफेडीच्या तक्त्यातली शेवटची तारीख वाचली आणि तिथेच अडकले. माझी मुलगी तेव्हा तेहतीस वर्षांची असेल. त्या दिवसापर्यंत तिथे रोज कोळसा जळत राहील हे धरूनच तो हप्ता बसवलेला होता. असे किती तक्ते मी आजवर 'बरोबर आहे' म्हणून पुढे पाठवले ते आठवत बसले, रात्री झोप लागली नाही.

म्हणून दोन प्रश्न. एक, हवामान बदलावर वकील जगभर खटले लढताहेत असं वाचते. त्यानं प्रत्यक्षात फरक पडतो का, की नुसती निकालपत्रं जमतात? दोन, जिला उलटतपासणी घेता येत नाही अशा माझ्यासारखीनं काय करावं? नोकरी सोड हा सल्ला घरून मिळून झालाय, तो कृपया नको.

जुना_फाईलवाला
पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते 'पडतो'. उरगेंडाचा खटला घ्या. नेदरलँड्समधल्या या संस्थेनं ८८६ नागरिकांना सोबत घेऊन आपल्याच सरकारवर दावा लावला. मागणी अशी, की १९९०च्या तुलनेत २०२०अखेर हरितगृह वायूंचं उत्सर्जन किमान २५ टक्क्यांनी खाली आणा. हेगच्या जिल्हा न्यायालयानं जून २०१५मध्ये दावा मान्य केला. सरकार अपिलात गेलं, २०१८मध्ये हरलं. सर्वोच्च न्यायालयात गेलं, २० डिसेंबर २०१९ला तिथेही हरलं. अ‍ॅमस्टरडॅमचं हेमवेग कोळसा केंद्र २०१९ सरताना बंद झालं, ठरलेल्या मुदतीच्या पाच वर्षं आधी, ते या खटल्यापायीच.

वकील म्हणून मला यातला एक मुद्दा फार मोलाचा वाटतो. सरकारचा बचाव होता, की जगाच्या उत्सर्जनात आमचा वाटा इवलासा, आम्ही कमी करून काय होणार? न्यायालयानं सांगितलं, ज्यानं त्यानं आपापला वाटा उचलायचा, शेजारी उचलत नाही ही सबब चालणार नाही. ही सबब अनेक देश देत आले होते. ती एका सर्वोच्च न्यायालयात तपासली गेली आणि टिकली नाही.

कोरडवाहू
फाईलवाले, आदर राखून असहमत. मी वकील नाही, शेती करतो. पाऊस कधी येणार याची वाट बघण्यात माझं वर्ष जातं, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचाच आहे. पण २०२०अखेर नेदरलँड्सनं ते २५ टक्के जेमतेम गाठले त्यात कोविडच्या टाळेबंदीचा हात मोठा होता, हेही सांगा.

आणि हरलेल्या खटल्यांचं काय? अमेरिकेत २१ मुलामुलींनी २०१५मध्ये सरकारवर जुलियाना खटला भरला. जवळजवळ दहा वर्षं तो या कोर्टातून त्या कोर्टात फिरला. पुराव्यावर सुनावणी एकदाही झाली नाही आणि मार्च २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दार कायमचं लावलं. त्यातली मुलं कॉलेज संपवून नोकरीला लागली असतील. ऑस्ट्रेलियात मुलांबाबत मंत्र्याचं काळजी घेण्याचं कर्तव्य आहे असा निकाल २०२१मध्ये आला, २०२२मध्ये वरच्या न्यायालयानं उलटवला. निवडून दिलेल्या लोकांनी कायदे करावेत, त्यांच्याकडून ते करून घेण्यात आपली ताकद लावावी. न्यायाधीशाच्या सहीनं तापमान उतरत नाही.

सावली
धागा वाचनखूण म्हणून साठवला. मसुदाताई, तेहतीस वर्षांचं वाक्य वाचून थांबले. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे.

अर्धविराम
कोरडवाहू, कायदे संसदेनं करावेत हे सगळ्यांनाच मान्य आहे. वकील बहुतेक वेळा इतकंच म्हणतात, की तुम्हीच केलेला कायदा पाळा. अमेरिकेतला २००७चा मॅसॅच्युसेट्सचा खटला बघा. पर्यावरण संरक्षण संस्था म्हणत होती, कार्बन डायऑक्साइड हा हवेतला प्रदूषक मानायचा अधिकार आम्हाला नाही. सर्वोच्च न्यायालय पाच विरुद्ध चार मतांनी म्हणालं, स्वच्छ हवेच्या कायद्यातली व्याख्या वाचा, त्यात तो बसतो. कायदा १९७०चाच होता, नवी ओळही लिहावी लागली नाही. गाड्यांमधून निघणाऱ्या हरितगृह वायूंवरचे पुढचे नियम त्यावर उभे राहिले.

मोंटानाचंही तसंच. स्वच्छ आणि निरोगी पर्यावरणाचा हक्क त्या राज्याच्या घटनेतच आहे. तरी प्रकल्पांना परवानगी देताना हरितगृह वायूंचा विचार करायचा नाही असा कायदा तिथे केला गेला. सोळा मुलं आणि तरुण कोर्टात गेले, साक्षी झाल्या, ऑगस्ट २०२३मध्ये जिंकले आणि डिसेंबर २०२४मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध एक मतांनी ते कायम केलं. जुलियानामध्ये मुलांना जी साक्ष द्यायला मिळाली नाही ती इथे मिळाली. दोन्ही खटल्यांमागे वकिलांची संस्था एकच होती. आधीच्या खटल्यात काय अडलं हे त्यांना पाठ होतं.

कोरडवाहू
मोंटानाची माहिती नव्हती. वाचतो. तरी एक प्रश्न राहतोच, निकाल लागला आणि सरकारनं पाळलाच नाही तर? स्वित्झर्लंडच्या आजीबाईंनी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात एप्रिल २०२४मध्ये खटला जिंकला. दोन हजारांवर सभासद असलेली संघटना, उष्णतेच्या लाटांत वृद्ध स्त्रिया सगळ्यात आधी दगावतात हा त्यांचा मुद्दा. न्यायालयानं युरोपच्या मानवी हक्क करारातल्या कलम ८चा, म्हणजे खासगी आणि कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा, भंग झाल्याचं मान्य केलं. दोन महिन्यांत स्विस संसदेनं ठराव केला की आम्ही पुरेसं करतोय, आणखी काही करायची गरज नाही.

थर्मामीटर
मी हवामानशास्त्रात काम करते. दोनदा तज्ज्ञ म्हणून प्रतिज्ञापत्र दिलंय. कोर्टाची ही बाजू फारशी कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या वेळी समोरच्या वकिलांनी विचारलं, "हा पूर हवामान बदलामुळेच आला का? हो की नाही, एका शब्दात सांगा." मी शक्यतेची भाषा बोलायला लागले, त्यांनी दोनदा थांबवलं. शेवटी "असं एका शब्दात सांगता येत नाही" असं मी म्हणाले आणि माझा अर्धा अहवाल तिथेच वाया गेला. दुसऱ्या वेळी आमच्या बाजूला एक तरुण वकील होत्या. त्या आधी तीन दिवस माझ्यासोबत बसल्या, आमच्या शास्त्रातली पद्धत समजून घेतली आणि कोर्टात प्रश्नच वेगळा विचारला: "असा पूर येण्याची शक्यता किती पटींनी वाढली?" याचं उत्तर आकड्यात देता येतं. मी दिलं. शास्त्र दोन्ही वेळी तेच होतं. मसुदाताई, चांगला वकील काय करतो याचं मी पाहिलेलं उदाहरण हे.

जबाबदारीची साखळी जोडण्याचं शास्त्रही पुढे गेलंय. रिचर्ड हीडी यांनी कोळसा, तेल, वायू आणि सिमेंटच्या ९० मोठ्या उत्पादकांचा हिशेब मांडला. १७५१ ते २०१० या काळातल्या औद्योगिक उत्सर्जनापैकी ६३ टक्के त्यांच्या उत्पादनातून आलं असं निघालं. असा हिशेब हातात असल्यामुळेच पेरूमधल्या वाराझ शहरातले शेतकरी आणि पर्वतवाटाडे साउल लुसियानो युया जर्मनीच्या आरडब्ल्यूई या वीजकंपनीवर दावा लावू शकले. त्यांच्या शहराच्या डोक्यावर पाल्काकोचा हा हिमनदीचा तलाव आहे. जगाच्या उत्सर्जनात कंपनीचा वाटा ०.४७ टक्के, तर पुरापासून बचावाच्या खर्चाचा तेवढाच वाटा द्या, इतकीच मागणी. सुमारे १७ हजार युरो. न्यायाधीश स्वतः पेरूला जाऊन तलाव बघून आले.

२८ मे २०२५ला हाम इथल्या न्यायालयानं दावा फेटाळला. त्यांच्या घराला पुढच्या तीस वर्षांत असलेला धोका पुरेसा मोठा नाही असं ठरलं. पण तत्त्व मान्य झालं, की मोठा उत्सर्जक दुसऱ्या खंडातल्या माणसाच्या मालमत्तेला निर्माण झालेल्या धोक्यासाठी जबाबदार धरला जाऊ शकतो, अंतर आड येत नाही. वापरलेलं कलम जर्मन दिवाणी संहितेतलं १००४. शेजाऱ्यानं उपद्रव दिला तर दाद मागायचं जुनं कलम आहे ते.

कोरडवाहू
थर्मामीटर, हा प्रतिसाद दोनदा वाचला. शेजाऱ्याच्या बांधाचं भांडण पेरूपासून जर्मनीपर्यंत गेलं म्हणायचं. बांधाचं भांडण मला समजतं. माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही, पण हरलेल्या खटल्यांबद्दल जे बोललो त्याचा पुन्हा विचार करतो.

पागोळी
थोडं अवांतर. मराठीत रोजचं ते हवामान आणि तीस-तीस वर्षांच्या सरासरीचं तेही हवामानच. मी अनुवाद करते. एका अर्जाच्या अनुवादात 'हवामान बदल' लिहिलं तर समोरच्या वकिलांनी सुनावणीत म्हटलं, हवामान तर रोजच बदलतं, त्यात दाद कसली? तेव्हापासून मी पहिल्याच परिच्छेदात व्याख्या देते आणि पुढे 'दीर्घकालीन हवामान बदल' लिहिते. कुणाला याहून नेमका शब्द सुचतो का?

अर्धविराम
'ऋतुमान बदल' कसा वाटतो? बोलण्यात रुळलेला शब्द आहे.

पागोळी
सुंदर आहे, पण ऋतू म्हटलं की समुद्राची पातळी आणि वितळणाऱ्या हिमनद्या बाहेर राहतात. अर्जात चालणार नाही, लेखात नक्की वापरेन.

जुना_फाईलवाला
पागोळीताई, व्याख्या पहिल्या परिच्छेदात देणं हेच बरोबर. मी अर्ज लिहिताना तेच करतो.

कोरडवाहूंच्या प्रश्नाकडे येतो, निकाल पाळलाच नाही तर काय. स्विस संसदेच्या ठरावानं निकाल पुसला जात नाही. अंमलबजावणीवर युरोप परिषदेची मंत्रिसमिती नजर ठेवते, फाईल तिथे उघडी राहते. उलट उदाहरणही द्यायला हवं. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानं मार्च २०२१मध्ये म्हटलं, की २०३०नंतरच्या कपातीचा सगळा भार पुढच्या पिढीवर ढकलला तर त्यांचं स्वातंत्र्य आजच खर्ची पडतं. काही महिन्यांत संसदेनं कायदा बदलला. २०३०चं लक्ष्य ५५वरून ६५ टक्के झालं, कार्बन तटस्थतेचं, म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं, वर्ष २०५०वरून २०४५वर आलं. दक्षिण कोरियाच्या घटनात्मक न्यायालयानं ऑगस्ट २०२४मध्ये याच धर्तीवर सांगितलं, की २०३१ ते २०४९साठी आकडेच नाहीत हे घटनेत बसत नाही. म्हणजे कोर्ट आणि संसद इथे एकमेकांसमोर उभी ठाकलेली नाहीत. जर्मनीत कोर्टानं काम परत पाठवलं, संसदेनं ते केलं.

माळरान
मला एक गोष्ट खुपते, ती इथे मांडतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं २१ मार्च २०२४च्या रणजितसिंह निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क अनुच्छेद १४ आणि २१मध्ये आहे असं म्हटलं. सगळीकडे आनंद झाला. पण खटला होता माळढोकाचा. त्याच्या अधिवासातल्या वीजतारा जमिनीखाली घ्या असा आदेश २०२१मध्ये निघाला होता, सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटरसाठी. सौरऊर्जेची वीज वाहून न्यायची आहे म्हणून तो सरसकट आदेश मागे घेतला गेला आणि त्या जागी तज्ज्ञ समिती आली. हवामानाचा हक्क मिळाला तो त्या पक्ष्याच्या खटल्यात, आणि त्याच्या डोक्यावरच्या तारा राहिल्या. मी माळढोक आयुष्यात दोनदाच पाहिलाय. सौरऊर्जा हवी हे मला मान्य आहे, पण हवामानासाठी लढणाऱ्या वकिलांनी या पक्ष्याला विसरू नये एवढंच म्हणणं आहे.

थर्मामीटर
माळरान, पटतंय. यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. तारा कुठून न्यायच्या हे प्रकल्प आखतानाच ठरलं असतं तर गोष्ट कोर्टापर्यंत यायला नको होती.

नवखी_सनद
मी कायद्याच्या चौथ्या वर्षाला आहे. एवढ्या अनुभवी लोकांत लिहिताना धाकधूक होतेय, पण वनुआटू या प्रशांत महासागरातल्या बेटदेशाची गोष्ट कुणीच सांगितली नाही म्हणून लिहिते.

२०१९मध्ये दक्षिण प्रशांत विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी ठरवलं, की हवामान बदल थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. वनुआटू सरकारला पटवलं, सरकारनं इतर देशांना पटवलं आणि २९ मार्च २०२३ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं त्या न्यायालयाचं मत मागणारा ठराव एकमतानं मंजूर केला. २३ जुलै २०२५ला न्यायालयानं एकमुखानं मत दिलं, की हवामानाचं रक्षण ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे. खनिज इंधनाचं उत्पादन, त्याचे परवाने, त्याला दिलेली अनुदानं हेसुद्धा आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग ठरू शकतात. ते सल्लावजा मत आहे, बंधनकारक नाही, हे मला माहीत आहे. पण वर्गात बसलेल्या मुलांपासून हे सुरू झालं हे आठवलं की अभ्यासाला बसावंसं वाटतं.

सावली
नवखी, लिहीत राहा गं. मला तुझा प्रतिसाद मुलाला वाचून दाखवायचाय.

साक्षीदार
सगळे खटल्यांवर बोलताहेत, मसुदाताईंचा दुसरा प्रश्न मागेच राहिला. माझ्या मते त्यांनी असं काम नाकारावं. मार्च २०२३मध्ये इंग्लंडमधल्या शंभराहून अधिक वकिलांनी जाहीर केलं, की नव्या खनिज इंधन प्रकल्पांसाठी आम्ही काम करणार नाही आणि हवामानासाठी शांततेनं निदर्शनं करणाऱ्यांविरुद्ध खटले चालवणार नाही. तिथल्या बॅरिस्टरांना, म्हणजे कोर्टात उभं राहणाऱ्या वकिलांना, येईल त्या अशिलाचं काम घ्यायचं असा नियम आहे. शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते हे माहीत असून त्यांनी सह्या केल्या.

जुना_फाईलवाला
साक्षीदार, त्यांच्या धैर्याला नमस्कार, पण या मार्गाची मला भीती वाटते. येईल त्याचं वकीलपत्र घ्यायचं या नियमावर सगळ्यात जास्त अवलंबून असतो तो नकोसा अशील. एका खाणीविरुद्ध उभ्या राहिलेल्या गावकऱ्यांचं वकीलपत्र मी घेतलं तेव्हा तालुक्यात दुसरं कुणी तयार नव्हतं. आज आपण नावडत्यांना नाही म्हणायची मुभा मागितली तर उद्या ती आपल्या लोकांवर उलटेल. जिथे पैसा आणि दबाव समोरच्या बाजूला आहे तिथे वकील मिळणं हाच अर्धा न्याय असतो.

दबाव किती असतो तेही बघा. मार्च २०२५मध्ये अमेरिकेत नॉर्थ डकोटातल्या ज्युरीनं एका पाइपलाइन कंपनीच्या दाव्यात ग्रीनपीस या पर्यावरणवादी संस्थेनं ६६ कोटी डॉलरहून अधिक भरपाई द्यावी असं सांगितलं. रक्कम पुढे न्यायाधीशांनी बरीच कमी केली, तरी संस्थेचं कंबरडं मोडेल एवढी ती आहे. अशा दाव्यांत बचावाला उभं राहणारे वकील हवेत, आणि त्यांनी 'मला हा अशील आवडत नाही' असं म्हणून चालणार नाही.

साक्षीदार
फाईलवाले, कोर्टातला बचाव आणि कर्जाचा करार यांत फरक आहे. आरोपीला वकील मिळालाच पाहिजे, मान्य. पण वीस वर्षांचा कोळसा प्रकल्प उभा करायला मदत मिळणं हा कुणाचा मूलभूत हक्क आहे? इंग्लंडमधला तो नियमही बॅरिस्टरांपुरता आहे, कार्यालयात करार लिहिणाऱ्या सॉलिसिटरांना तो लागू नाही.

जुना_फाईलवाला
हा फरक मान्य. कराराच्या बाबतीत माझा मुद्दा मागे घेतो.

अर्धविराम
नकार आणि होकार यांच्या मध्येही बरंच काही आहे. लंडनमधून सुरू झालेल्या चान्सरी लेन प्रोजेक्टमध्ये वकिलांनी बिनपैशानं कराराची कलमं लिहून ठेवलीत. पुरवठादारानं उत्सर्जनाचा हिशेब द्यावा, कर्जदारानं कपातीचा आराखडा जोडावा, अशी. कुणीही उचलून आपल्या करारात घालू शकतं. उलटतपासणी येत नसली म्हणून काय झालं मसुदाताई, हे तर तुमचंच काम आहे.

मसुदा
सगळ्यांचे आभार. तीन दिवस प्रत्येक प्रतिसाद वाचतेय, काही मुलीलाही वाचून दाखवले.

त्या कराराचं पुढे काय झालं ते सांगते. करार अजून सह्यांना गेलेला नाही. मी तीन कलमं सुचवली. एक, कर्जदारानं दरवर्षी उत्सर्जनाचा लेखापरीक्षित आकडा बँकेला द्यायचा. दोन, कायद्यानं केंद्र मुदतीआधी बंद करायची वेळ आली तर कर्जफेड कशी होईल याचा आराखडा आधीच जोडायचा. तीन, कर्ज चालू असताना क्षमता वाढवायची नाही. वरिष्ठांनी दुसरं आणि तिसरं काढलं. अशील बिथरेल म्हणाले. पहिलं राहिलं, बँकेलाच ते हवं होतं म्हणून. बँकेच्या वकिलाचा फोन आला, हा आकडा आमच्या जोखीम विभागाला लागणारच होता, कलम आयतं मिळालं म्हणाला.

साक्षीदार, तुमचं म्हणणं मनात आहे. पुढच्या वेळी असा करार आला तर मी नको म्हणणार आहे, तसं कार्यालयात लेखी कळवलंय. उत्तर आलेलं नाही.

आणि नवखी, परीक्षा झाल्या की कळव. कलमं लिहायला मला एक जोडीदार हवी आहे.

नवखी_सनद
ताई, परीक्षा २२ तारखेला संपते. २३ला कळवते!

कोरडवाहू
मसुदाताई, ते राहिलेलं कलम इथे डकवता येईल का? अशिलाचं नाव नको, फक्त शब्द. आमच्या पाणीवाटप संस्थेचा एका कारखान्याशी करार व्हायचाय. कारखाना किती पाणी उचलतो, किती कोळसा जाळतो, याचा आकडा आम्हाला कधीच मिळत नाही.

मसुदा
हे घ्या, तुमच्यासाठी बदलून: "कारखाना प्रत्येक आर्थिक वर्ष संपल्यावर वाजवी मुदतीत, त्या वर्षी उचललेलं पाणी, जाळलेलं इंधन आणि त्यातून झालेलं उत्सर्जन यांचा लेखापरीक्षित तपशील संस्थेला लेखी देईल."

जुना_फाईलवाला
'वाजवी मुदतीत' काढा, 'नव्वद दिवसांच्या आत' घाला. वाजवी म्हणजे किती यावर मी एकदा चार वर्षं भांडलोय. आणि तपशील दिला नाही तर पाणी किती टक्क्यांनी कमी होईल तेही त्याच कलमात लिहा, वेगळ्या परिशिष्टात नको.

कोरडवाहू
नव्वद दिवस, त्याच कलमात. लिहून घेतलं. रविवारी बैठक आहे, तिथे मांडतो.